योगक्षेम आणि प्री-ऑर्डर

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २२

आजचा श्लोक आपल्यापैकी बऱ्याच जणांनी गीता उघडण्याआधीच पाहिलेला असतो. घरात एलआयसीची पॉलिसी असेल तर तिच्या कागदावर, दोन हातांनी जपलेल्या ज्योतीच्या चित्राबरोबर, याच श्लोकाचा शेवट छापलेला असतो. अर्थ थोडक्यात असा : जे अनन्य होऊन माझं चिंतन करतात, सतत माझ्याशी जोडलेले राहतात, त्यांचा योगक्षेम मी वाहतो.

योगक्षेम म्हणजे काय? शंकराचार्यांनी भाष्यात अगदी सोपं करून ठेवलंय. योग म्हणजे जे आपल्याकडे नाही ते मिळवणं आणि क्षेम म्हणजे जे मिळालंय ते सांभाळणं. आसनं किंवा प्राणायाम असा अर्थ इथे घ्यायचा नाही. आता दिवसभर आपण काय काय करतो ते आठवून बघा. नोकरी शोधणं हा योग, ती टिकवणं हा क्षेम. फ्लॅट बुक करणं हा योग, सोसायटीच्या मीटिंगा हा क्षेम. आपला बराचसा जन्म या दोन खात्यांतच खर्ची पडतो.

नव्या फोनची प्री-ऑर्डर डोळ्यांसमोर आणा. वस्तू हातात नाही, दुकानातही अजून आलेली नाही, आपल्या ओळखीत कुणी वापरून पाहिलेली नाही. पण पैसे भरून झाले आणि मन तिच्यात जाऊन बसलं. न मिळालेलं मिळवण्याची धडपड इतक्या स्वच्छ रूपात क्वचितच बघायला मिळते. आणि फोन आला की त्याच संध्याकाळी क्षेम सुरू : टेम्पर्ड ग्लास, कव्हर, इन्शुरन्स, आणि "वर्षभराने विकला तर किती येतील?" म्हणून आजचा श्लोक फोनच्या उदाहरणावरून समजून घेऊ या. उदाहरण हलकं वाटेल. त्यात अडकलेला प्रश्न तसा नाही.

हे उदाहरण २०२५ च्या सप्टेंबरमधलं. ९ तारखेला रात्री साडेदहाच्या कार्यक्रमात आयफोन १७ जाहीर झाला. १२ तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला प्री-ऑर्डर उघडणार होती आणि १९ पासून फोन मिळणार होते. साध्या मॉडेलची किंमत ८२,९०० रुपयांपासून. पुण्यात कोरेगाव पार्कला ॲपलचं दुकान त्याच महिन्यात, ४ तारखेला उघडलेलं, त्यामुळे आमच्याकडे चर्चा जरा जास्तच. आणि हे सगळं ऐन पितृपक्षात.

११ तारखेला, गुरुवारी, आमच्या वाचनगटात नववा अध्याय चालू होता. वाचन संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. मूळचा कराडचा, नोकरी हिंजवडीत, दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पुणे चालतो. म्हणाला, "ताई, एक विचारू? हसायचं नाही हं. उद्या फोन बुक करायचाय. बुकिंग पितृपक्षात होईल, पण बॉक्स मी घटस्थापनेलाच उघडणार, २२ तारखेला. टेक्निकली चालतं ना?"

मी हसलेच. मग त्याने फोनवर एक शीट उघडून दाखवली. एका बाजूला दुकानं : ॲपलचं स्वतःचं, क्रोमा, विजय सेल्स, रिलायन्स डिजिटल, ॲमेझॉन, फ्लिपकार्ट. वरच्या ओळीत रकाने : किंमत, बँक ऑफर, एक्स्चेंज, ईएमआय, डिलिव्हरीची तारीख, रद्द केल्यास पैसे परत कधी. आणि मग खरा प्रश्न आला. "तीन ठिकाणी बुक करून ठेवू का? जिथून आधी येईल ते ठेवतो, बाकीचे दोन कॅन्सल. सगळे करतात. पण तुमच्यासमोर बसून आत्ताच हा श्लोक वाचला, तर म्हटलं विचारावं. यात काही चुकीचं आहे का?"

आधी एक सांगते. शीट उत्तम होती. भाव करणं, तुलना करणं म्हणजे लोभ, असं आपल्या परंपरेत कुठेच म्हटलेलं नाही. उलट डोळे मिटून खरेदी करणाऱ्याला आपण भोळा भक्त म्हणत नाही, गाफील म्हणतो. शिवाय या ऑफरी अशा काही विणलेल्या असतात की नीट न बघणारा हमखास फसतो.

'नो-कॉस्ट ईएमआय' हाच शब्द घ्या. बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढ्या व्याजाची सूट किमतीत आधी देते, म्हणून बेरीज सारखी दिसते. समजा ८२,९०० चा फोन सहा हप्त्यांत घेतला आणि कार्डाचा दर वर्षाला १६ टक्के आहे. व्याज होतं साधारण ३,७०० रुपये. ते सुटीत वळतं होतं, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ६७० च्या आसपास. वर प्रोसेसिंग फी, समजा १९९, आणि तिच्यावरही जीएसटी. म्हणजे 'नो-कॉस्ट'ची कॉस्ट नऊशे रुपये. रक्कम फार मोठी नाही, पण शब्द खरा नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते. एक्स्चेंजच्या जाहिरातीतला मोठा आकडा आणि त्याच्या शेजारचा बारीक 'पर्यंत' हा शब्द तर तुम्हाला माहीतच आहे.

गटातली एक मैत्रीण न्यू जर्सीला असते, ऑनलाइन वाचनाला येते. तिच्याकडे फोन बहुतेक वेळा मोबाइल कंपनीकडूनच घेतात. जुना फोन द्या, नवा 'फुकट' न्या. पण ती सूट एकदम मिळत नाही, बऱ्याच ठिकाणी ३६ महिने बिलात थोडी थोडी वळती होते. मध्येच कंपनी सोडली की उरलेली सूट बंद, आणि फोनचे राहिलेले पैसे आपण भरायचे. आपल्याकडे नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, फोन वेगळा आणि सिम वेगळं, म्हणून हा गुंता कमी. पण तत्त्व तेच. आज वाचवलेल्या रुपयाला उद्याचं काहीतरी बांधलेलं असतं, आणि ते काय ते बघूनच सही करायची. हा विवेक आहे. तो सोडा असं गीता सांगत नाही.

मग अडतं कुठे? इथे मला संत एकनाथांची गोष्ट आठवते. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशोबाचं काम नाथांकडे होतं. एकदा ताळमेळ बसेना, एका पैचा फरक येत होता. सगळे झोपले, नाथ दिव्याशी वह्या घेऊन बसले. रात्र उलटून गेली. शेवटी पै सापडली आणि नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी मागे उभे राहून बघत होते. ते म्हणाले, एका पैसाठी एवढा आनंद; हीच एकाग्रता देवापाशी लागली तर काय होईल!

ही गोष्ट सांगताना बरेचदा असा सूर लागतो की हिशोब क्षुद्र आणि देव मोठा. मला ती जरा वेगळी दिसते. स्वामींनी 'जाऊ दे रे ती पै' असं म्हटलं नाही. पै दुसऱ्याची होती, ती सापडायलाच हवी होती. आणि पै सापडल्यावर वही मिटली. नाथांच्या शोधाला शेवट होता.

आपल्या शोधाला तो असतो का? त्या मुलाने सांगितलं की मंगळवार रात्रीपासून तो सारखा शीट बघत होता. स्टँडअप मीटिंगमध्ये, मेसमध्ये जेवताना, झोपण्याआधी, उठल्या उठल्या. मी म्हटलं, "अरे, आपण अखंड नामस्मरण म्हणतो ते आणखी काय असतं? सगळी लक्षणं जुळतायत. फक्त नाम बदललंय." श्लोकातली अट चिंतनाची आहे. मोबदला म्हणून देव पैसे मागत नाही, लक्ष मागतो. आणि नेमकं तेच लक्ष आपण दोन-तीन हजारांच्या फरकासाठी तीन दिवस गहाण टाकतो. शीटमध्ये सगळे खर्च मांडलेले होते, फक्त या खर्चाला रकाना नव्हता.

बरं, ऑर्डर झाली की हे थांबतं का? ज्या रात्री आयफोन १७ आला, त्याच रात्री आयफोन १६ ची किंमत ७९,९०० वरून ६९,९०० झाली. आदल्या आठवड्यात ज्याने सोळा नंबर घेतला असेल, त्याचा फोन सकाळी होता तसाच होता. एक ओरखडा पडलेला नव्हता. पण मन मात्र दहा हजारांनी जखमी. क्षेमाचं हे असं असतं. वस्तू कपाटात सुरक्षित असते आणि तरी आपण तिच्यासाठी झुरतो.

पण लक्ष गहाण पडणं ही अर्धीच गोष्ट. शीट नीट वाचताना मला त्याहून मोठी एक गोष्ट दिसली. तिच्यात माणसं होती.

'बँक ऑफर'च्या रकान्यात एका मित्राचं नाव होतं, कारण त्या बँकेचं कार्ड त्याच्याकडे होतं. 'एक्स्चेंज'च्या रकान्यात जुन्या फोनसमोर १८,००० लिहिलेलं होतं आणि पुढे कंसात 'बाबा?' असं. आणि तीन बुकिंगच्या रकान्यात, नाव न लिहिलेली, रांगेतली दोन माणसं होती, ज्यांचे फोन हा अडवून ठेवणार होता. दोन हजार वाचवताना मित्र म्हणजे एक कार्ड झाला, वडील म्हणजे एक प्रश्नचिन्ह झालं आणि अनोळखी माणूस म्हणजे अडथळा.

श्लोकातला 'अनन्य' हा शब्द इथे नीट बघायला हवा. आपण त्याचा अर्थ 'दुसऱ्या कशाचं चिंतन न करणारे' असा करतो. शंकराचार्य आणखी खोल जातात. अनन्य म्हणजे देवापासून जे वेगळे उरले नाहीत ते. मग सगळ्यांच्या आत तोच असेल, तर जो देवाला परका नाही त्याला कुणीच परका कसा असेल? मला तर ही रोजच्या वापरातली कसोटी वाटते. एखादा हिशोब करताना माझ्या जवळची माणसं आकडे व्हायला लागली आणि लांबची माणसं शत्रू, तर समजावं की अनन्यपण सुटलं. फोन महाग आहे की स्वस्त, हा प्रश्न त्यानंतरचा.

ही कसोटी हातात घेऊन आम्ही दोघांनी एकेक रकाना बघितला.

आधी तीन बुकिंग. नियमात बसतं का? बसतं. पैसे परत मिळतात. पण पहिल्या खेपेचा माल मोजका असतो. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणं आपल्याला माहीत आहे. आपल्या बसण्यापुरता एक रुमाल टाकला तर कुणी फारसं बोलत नाही. पण कुठे वारा लागतो ते ठरेपर्यंत तीन सीटवर तीन रुमाल टाकून ठेवले, आणि दारात कुणी मूल कडेवर घेऊन उभं असलं, तर? पतंजलींनी यमांमध्ये अस्तेय सांगितलं, म्हणजे चोरी न करणं. ईशावास्य उपनिषद पहिल्याच मंत्रात सांगतं की दुसऱ्याच्या धनाची हाव धरू नकोस. धन म्हणजे फक्त नोटा नव्हेत. दुसऱ्याचा नंबर, दुसऱ्याची पाळी हेही त्याचंच धन. पंढरपूरच्या दर्शनबारीत बारा-बारा तास उभं राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

"पण ताई, सगळे तीन-तीन करतात. मी एकच केलं तर मीच मागे राहणार." हा मुद्दा खरा आहे. राहशील मागे. धर्माने वागल्यावर फोन लवकर येतो असं कुठल्याही ग्रंथात लिहिलेलं नाही. एक बुकिंग केलंस तर कदाचित चार दिवस उशिरा मिळेल, आणि ते चार दिवस हीच त्या धर्माची किंमत. ती परवडते का, एवढंच ठरवायचं.

मग मित्राचं कार्ड. कार्ड मागण्यात वाईट काही नाही, मित्र असतात कशाला? पण ८० हजार त्याच्या मर्यादेतून जाणार. बिलाच्या तारखेला तुझे पैसे पोचले नाहीत तर व्याज त्याला, आणि सिबिलवर डाग त्याच्या. तेव्हा आधी बँकेच्या अटींत हे बसतं का ते बघ. मग त्याला विचारताना वेळ दे, 'नाही' म्हणायला जागा दे. शुक्रवारी साडेपाचला पाच मिनिटं असताना ओटीपी मागणं म्हणजे विचारणं नव्हे.

राहिला 'बाबा?' हा रकाना.

वडील कराडला असतात, छोटं दुकान आहे. त्यांचा फोन पाच वर्षांचा, काच एका कोपऱ्यात तडकलेली. मुलाच्या डोक्यात होतं की आपला जुना फोन त्यांना द्यावा. पण तो एक्स्चेंजला टाकला तर १८,००० सुटतात, आणि त्यावर बोनस आहे तो वेगळा. त्याने वडिलांना एकदा ओझरतं विचारलंही होतं. वडील म्हणाले, "मला कशाला रे? तू कर एक्स्चेंज." झालं, परवानगी मिळाली. पण प्रश्नचिन्ह काही पुसलं जाईना, म्हणून ते शीटमध्ये तसंच राहिलेलं.

आता पितृपक्षाचं बघा. या पंधरवड्यात नवी खरेदी करू नये, असं आपण म्हणतो. हे दिवस अशुभ म्हणून, असा समज आहे. मला तसं वाटत नाही. ज्यांनी आपल्याला दिलं त्यांच्याकडे लक्ष द्यायचे हे दिवस आहेत. स्वतःसाठी काही आणण्यातून मन थोडं मोकळं राहावं, एवढाच त्या पथ्याचा अर्थ मी घेते. श्राद्ध हा शब्दच श्रद्धेवरून आलाय. मग बॉक्स घटस्थापनेला उघडला म्हणून पितृपक्ष पाळला गेला, असं कसं म्हणायचं? गेलेल्यांसाठी आपण गच्चीवर पान ठेवतो आणि कावळ्याची वाट बघतो. जे आहेत त्यांना काय हवंय हे विचारायला मात्र कावळा लागत नाही, फोन पुरतो.

मी त्याला 'जुना फोन वडिलांना दे' असं सांगितलं नाही. ते माझं काम नव्हे, आणि खरं सांगायचं तर ते उत्तर बरोबर आहे का हे मलाही माहीत नव्हतं. एवढंच म्हटलं, "त्यांना फोन हवा का, असं विचारू नकोस. त्यावर कुठलेही वडील 'नको'च म्हणतात. आत्ताच्या फोनचा त्रास काय होतो ते विचार. आणि शीट मिटून विचार."

पुढच्या गुरुवारी त्याने काय झालं ते सांगितलं. त्याने रात्री फोन लावला. वडील नेहमीसारखं "हां, बरं, ठेवू का?" वर आले. याने पुन्हा विचारलं, "बाबा, फोनला काही त्रास आहे का?" तिकडून उत्तर आलं, "फोन चांगलाय रे. समोरच्याचं ऐकू येत नाही, एवढंच."

दोन वर्षं हा मुलगा समजत होता की बाबांना फोनवर बोलायला आवडत नाही. त्यांना ऐकूच येत नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकांसमोर स्पीकरवर टाकायचा संकोच, म्हणून ते लवकर ठेवून द्यायचे. शनिवारी तो कराडला गेला आणि ओळखीच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे फोन दाखवला. कानाशी लावतो त्या स्पीकरची जाळी धुळीने गच्च बुजलेली होती. दहा मिनिटांत साफ झाली. वडिलांना नवा फोन खरंच नको होता. मग याने आपला जुना फोन एक्स्चेंजला टाकला, आणि तो रकाना आता पूर्ण मोकळा होता. नव्या फोनचं बुकिंग त्याने एकाच ठिकाणी केलं होतं. डिलिव्हरीची तारीख घटस्थापनेच्याही पुढची मिळाली. मित्राचं कार्ड त्याने मागितलं नाही, बँक ऑफर सुटली.

आता तुम्हीच सांगा, या व्यवहारात त्याला फायदा झाला की तोटा? शीटप्रमाणे तोटा. काही हजार जास्त गेले आणि फोन उशिरा आला. पण 'बाबा आता वीस-वीस मिनिटं बोलतात, त्यांनाच आवरावं लागतं' हे त्याने ज्या चेहऱ्याने सांगितलं, ते मांडायला त्याच्या शीटमध्ये रकाना नव्हता.

म्हणून श्लोकाच्या क्रियापदाकडे शेवटी येते. कीर्तनात एका पंडिताची गोष्ट सांगतात. त्याला वाटलं, देव स्वतः कशाला ओझी वाहील? इथे 'वाहतो'च्या जागी 'देतो' असं हवं. त्याने पोथीतला शब्द खोडला. त्याच दिवशी एक सावळा मुलगा डोक्यावर धान्याचं ओझं घेऊन त्याच्या घरी आला, आणि त्याच्या अंगावर नेमका त्या खोडलेल्या रेघेसारखा ओरखडा होता. गोष्टीचं मर्म क्रियापदात आहे. देव 'मी वाहतो' म्हणतो. ज्ञानेश्वर माउली या श्लोकावर बोलताना पंख न फुटलेल्या पिल्लांसाठी जगणाऱ्या पक्षिणीचा दृष्टांत देतात, आणि स्वतःची तहानभूक विसरून तान्ह्याचं भलं बघणाऱ्या आईचा. आई बाळाचं सगळं करते, पण बाळ मागेल ते खेळणं आणतेच असं नाही. ती त्याला कडेवर घेते.

तेव्हा देव योगक्षेम वाहतो याचा अर्थ बँक ऑफर तोच शोधून देईल असा नाही, आणि आपण हिशोब करायचाच नाही असाही नाही. आकडेमोड आपली, ती नीट करायची. पण 'हे मिळालंच पाहिजे, सर्वांत आधी, सर्वांत स्वस्त, नाहीतर मी हरलो' हे जे ओझं आपण आकड्यांबरोबर उचलतो, ते आपलं नाही. दुसऱ्या अध्यायात, ४५ व्या श्लोकात, भगवंत अर्जुनाला योगक्षेमाच्या पलीकडे हो असं सांगतात. तिथे वाचताना ते अशक्य वाटतं. इथे नवव्या अध्यायात कळतं की ते शक्य कसं होतं : कुणीतरी ते खाली ठेवून घेणारा आहे म्हणून. डोक्यावरचं ओझं उतरलं की मान वळते, आणि मान वळली की शेजारची माणसं दिसतात. मिळणारं हेच असावं असं मला वाटतं.

आजचा नेम छोटा आहे. फोन असो, गाडी असो, लग्नाचा हॉल असो, तुमची जी काही तुलना सध्या चालू असेल तिच्यात कुणाचं नाव अडकलंय का ते बघा. लिहिलेलं असेल किंवा नसेल. त्या माणसाला आज फोन करा आणि पाच मिनिटं त्या व्यवहाराबद्दल एक शब्दही न काढता बोला. त्यानंतर शीट उघडायची असेल तर खुशाल उघडा, आणि ठरलं की नाथांसारखी वही मिटा.

उद्या पुढचा श्लोक. आणि चार दिवसांवर याच अध्यायातला २६ वा येतोय, जिथे देव आपल्याकडे मागतो ते फक्त पान, फूल, फळ नाहीतर पाणी. त्याची प्री-ऑर्डर लागत नाही. अंगणात नाहीतर कुंडीत तुळस असली तरी पुरे.

राम कृष्ण हरी!